इंटरनेट विजिट्स पीटीवाय लिमिटेड

सोमवारी सकाळी पावणेनऊला सांगलीहून मामांचा फोन आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एरवी ते रविवारी संध्याकाळी निवांत फोन करतात. जुलै २०१८ मधल्या त्या सोमवारी मी कंपनीच्या बसमध्ये होतो, हिंजवडीच्या वाटेवर, म्हणजे अर्थातच ट्रॅफिकमध्ये. मामा म्हणाले, "अरे, लॅबमधून एक रिपोर्ट जाईना बघ. आउटलुक नुसतं एरर दाखवतंय. तू काल काही केलंस काय रे?"

केलं होतं. माझ्याकडे एक छोटा भाड्याचा सर्व्हर आहे. त्यावर कंट्रोल पॅनेल टाकून नातेवाईक आणि मित्रांच्या चौदा-पंधरा साइट्स आणि त्यांचे मेल मी चालवतो. धंदा नाही, हौस. मामांच्या पॅथॉलॉजी लॅबचा मेलही त्यातच. तर रविवारी रात्री जेवण झाल्यावर मी पॅनेलमध्ये शिरलो आणि एसएसएलच्या डिफॉल्ट सेटिंगमधून टीएलएस १.० आणि १.१ काढून टाकले. फक्त १.२ ठेवलं. वेबसाठी एका पानावर, मेलसाठी दुसऱ्या पानावर. सेव्ह केलं, हिरवी पट्टी आली, सज्जन इंजिनिअरसारखा झोपलो.

मामांच्या लॅबमध्ये होतं विंडोज ७ आणि आउटलुक २०१०. विंडोज ७ ला टीएलएस १.२ येतं, पण डिफॉल्टने ते बंद असतं. रजिस्ट्रीत जाऊन चालू करावं लागतं. आणि लॅबच्या काउंटरवरचा मुलगा कशाला रजिस्ट्रीत जातोय? म्हणजे माझा डिफॉल्ट आणि मायक्रोसॉफ्टचा डिफॉल्ट समोरासमोर येऊन धडकले, आणि मधे सापडले मिरजेच्या एका हॉस्पिटलमधले आजोबा. त्यांचा सीटी स्कॅन व्हायचा होता, आणि डाय देण्याआधी डॉक्टरांना त्यांचं क्रिएटिनिन कागदावर बघायचं होतं. शेवटी लॅबमधला मुलगा प्रिंट घेऊन स्कूटरवरून मिरजेला गेला. मी बसमध्ये उभ्या-उभ्या मोबाइलवरून पॅनेल उघडून जुना डिफॉल्ट परत लावला.

आजोबांचं सगळं नीट झालं, हे आधीच सांगून टाकतो. पण माझी झोप उडाली ती उडालीच. त्या ड्रॉपडाउनमध्ये जे आधीपासून भरलेलं असतं, ते कोण भरतं? कधी भरतं? आणि कोणाचा विचार करून? ह्याचा माग काढत गेलो, तर गोष्ट थेट १९९५ पर्यंत गेली. तीच आज सांगतो.

एका दाताची किल्ली

एसएसएल ही नेटस्केपची निर्मिती. पहिली आवृत्ती बाहेर आलीच नाही. दुसरी फेब्रुवारी १९९५ मध्ये आली. ती घाईत केलेली होती आणि तिच्यात दोष होते, म्हणून १९९६ मध्ये तिसरी आली. नेटस्केप ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात तेव्हा एक किल्ली असायची. साधं पान असेल तर मोडकी किल्ली, सुरक्षित असेल तर अख्खी. आणि त्या अख्ख्या किल्लीला दात किती, ह्यालाही अर्थ होता! दोन दात म्हणजे १२८ बिटांचं पक्कं एन्क्रिप्शन, एक दात म्हणजे ४० बिटांचं कच्चं.

कच्चं मुद्दाम का ठेवायचं? कारण अमेरिकेच्या कायद्यात पक्कं एन्क्रिप्शन निर्यात करायला बंदी होती. ते युद्धसामग्रीसारखं मानलं जायचं. त्यामुळे अमेरिकेतल्यांना दोन दात आणि बाहेरच्या सगळ्यांना एक. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा मोडेमची किरकिर ऐकत ज्यांनी नेटस्केप उतरवून घेतला, त्यांच्या वाट्याला ही एका दाताची निर्यात आवृत्ती आली. नेमका त्याच महिन्यात फ्रान्समध्ये दामियाँ दोलिजेझ ह्या संशोधकाने संस्थेतल्या संगणकांचा रिकामा वेळ वापरून असा ४० बिटांचा एक संदेश ८ दिवसांत फोडून दाखवला.

म्हणजे एसएसएलचा सगळ्यात पहिला जगभरचा डिफॉल्ट प्रोग्रामरने ठरवलाच नाही. तो सरकारने ठरवला, आणि तो जाणूनबुजून दुबळा होता. जानेवारी २००० मध्ये ही बंधनं बरीच सैल झाली. कायदा बदलला, पण कॉन्फिग फाइल्स कोण बदलणार? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्रिस्बेनची काल्पनिक कंपनी

एसएसएल नेटस्केपचं असलं तरी ते जगात पसरलं दोन ऑस्ट्रेलियन माणसांमुळे. एरिक यंग आणि टिम हडसन ह्यांनी १९९५ मध्ये एसएसएलची स्वतःची लायब्ररी लिहिली आणि फुकट वाटली. ऑस्ट्रेलियात लिहिल्यामुळे अमेरिकेचा निर्यात कायदा तिला लागू नव्हता. तिचं नाव एसएसएलईएवाय, त्यातलं 'ईएवाय' म्हणजे एरिक ए. यंगची आद्याक्षरं. पुढे दोघं दुसऱ्या नोकरीत गेले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये त्याच कोडमधून ओपनएसएसएल जन्माला आलं. आज निम्म्या जगाचं इंटरनेट त्याच्या खांद्यावर आहे.

तुमच्यापैकी कोणी कधी टर्मिनलवर सर्टिफिकेटची रिक्वेस्ट बनवली असेल, तर प्रश्नांची ती सरबत्ती आठवत असेल. देश? राज्य? संस्था? आणि प्रत्येक प्रश्नापुढे चौकोनी कंसात आधीच एक उत्तर असतं. देश: एयू. राज्य: सम-स्टेट. संस्था: इंटरनेट विजिट्स पीटीवाय लिमिटेड. अशी कंपनी नाहीये. कोणीतरी उदाहरण म्हणून एक गमतीदार नाव टाकलं आणि ते तिथेच राहिलं. सगळे प्रश्न एंटर-एंटर करत पुढे गेलात, तर तुमच्या सदाशिव पेठेतल्या दुकानाचं सर्टिफिकेट ऑस्ट्रेलियातल्या ह्या नसलेल्या कंपनीच्या नावाने बनतं. आणि लोक एंटर-एंटरच करतात! (मीही केलंय. कॉलेजच्या प्रोजेक्टला. सरांनी विचारलं, ही कोणती कंपनी?)

रेड हॅटच्या सर्व्हरवर असंच एक तयार सर्टिफिकेट असायचं, त्यात संस्था 'सम-ऑर्गनायझेशन' आणि शहर 'सम-सिटी'. डेबियनवर आजही जे आपोआप बनतं त्या फाइलच्या नावात 'स्नेकऑइल' आहे, म्हणजे जत्रेतल्या भोंदू वैद्याचं सापाचं तेल. ज्यांनी हे ठेवलं ते प्रामाणिक होते. नावातच सांगत होते की बाबांनो, हे खरं औषध नव्हे, नुसतं बाटली कशी दिसते ते दाखवायला ठेवलंय.

खरी गडबड सर्टिफिकेटच्या नावात नव्हतीच, ती होती नमुन्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये. अपाचेबरोबर जी नमुना फाइल यायची, तिच्यात सायफरांची एक लांबलचक ओळ असे. पक्के सायफर आधी, आणि शेपटाला एसएसएलची दुसरी आवृत्ती आणि तेच जुने निर्यातीचे दुबळे सायफर. हेतू चांगला होता, कोणाचा जुना ब्राउझर अडू नये. पण ही ओळ हजारो लोकांनी वाचून न बघता उचलली. आणि उचलणाऱ्यांत मग माणसांबरोबर प्रोग्रामही आले.

दोनशे बिऱ्हाडं, एक दरवाजा

हे प्रोग्राम म्हणजे कंट्रोल पॅनेल. सीपॅनेल १९९६-९७ च्या सुमारास निकोलस कोस्टन ह्या मुलाने लिहायला घेतलं, तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. १९९७ मध्ये वेबमिन आलं. मग सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कमधून प्लेस्क आलं. आधी सर्व्हर चालवायला युनिक्स येणारा माणूस लागायचा, आता माउस हलवणारा कोणीही चालला. होस्टिंग स्वस्त झालं आणि एका सर्व्हरवर दोनदोनशे साइट्स नांदू लागल्या.

इथे एसएसएलचं घोडं अडलं. एका आयपी पत्त्यावर दोनशे साइट्स चालतात, कारण ब्राउझर विनंतीतच सांगतो की मला अमुक साइट हवी. पण एसएसएलमध्ये हे सांगण्याआधीच ओळखपत्राची देवघेव व्हायची. असं समजा, दोनशे बिऱ्हाडांच्या चाळीला एकच दरवाजा आहे. पाहुणा म्हणतो, "आधी ओळखपत्र दाखवा, मग सांगतो कोणाकडे आलोय." दरवान बिचारा काय करणार? हाताला लागेल ते पहिलं कार्ड दाखवणार. कुलकर्ण्यांकडे आलेल्याला देशपांड्यांचं कार्ड!

पॅनेलमधलं 'डिफॉल्ट सर्टिफिकेट' हे मुळात असं जन्मलं. आयपी पत्त्यापाठी एक सर्टिफिकेट आणि एक डिफॉल्ट साइट. त्या काळात स्वतःच्या साइटच्या नावाआधी सहज 'एचटीटीपीएस' टाइप केलं आणि समोर भलत्याचीच साइट उघडली, असं ज्यांच्या बाबतीत झालं त्यांना आपण हॅक झालो असंच वाटायचं. तसं काही नसायचं. दरवानाने पहिलं कार्ड दाखवलेलं असायचं, इतकंच.

ह्यावर उपाय दोन. एक तर होस्टिंगवाल्याचं सामायिक सर्टिफिकेट वापरा. मग तुमच्या पेमेंट पानाचा पत्ता त्यांच्या नावाने, पुढे तिरकी नागमोडी खूण आणि तुमचं युजरनेम. (ग्राहकाचा विश्वास बसला तर नशीब.) नाहीतर स्वतंत्र आयपी विकत घ्या, वर सर्टिफिकेट विकत घ्या, दरवर्षी. सर्टिफिकेटच्या धंद्यात पैसा किती होता बघा: मार्क शटलवर्थने दक्षिण आफ्रिकेत आईवडिलांच्या गॅरेजमध्ये थॉटे नावाची सर्टिफिकेट कंपनी काढली आणि डिसेंबर १९९९ मध्ये व्हेरिसाइनला विकली, सुमारे ५७ कोटी ५० लाख डॉलरला. त्या पैशातून तो २००२ मध्ये अंतराळात जाऊन आला आणि २००४ मध्ये त्याने उबुंटू काढलं. आपण जे उबुंटू फुकट वापरतो त्यामागे असे कोणाकोणाचे सर्टिफिकेटचे पैसे आहेत :)

त्यामुळे लहान साइटचा डिफॉल्ट एकच होता: एसएसएल नाही. बँका आणि मोठी दुकानं कुलपात, बाकी सगळे उघड्यावर.

चाळीच्या दरवाजाचं उत्तर जून २००३ मध्येच सापडलं होतं. एसएनआय नावाची सोय, पाहुण्याने आधीच घराचं नाव सांगायचं. मग वापर का झाला नाही? एक तर सर्व्हरच्या बाजूलाच उशीर, अपाचेत ते जुलै २००९ मध्ये आलं. आणि विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच आलं नाही. एक्सपी तर गल्लोगल्ली, सायबर कॅफेपासून तहसील कचेरीपर्यंत. तेव्हा होस्टिंगवाल्यांनी वाट बघितली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणजे उत्तर सापडल्यावर जवळपास ११ वर्षांनी. तोवर जुन्या मशीनवाल्यासाठी सगळेच थांबले होते.

(मधेच एक. १९९९ मध्ये एसएसएलचं नाव बदलून टीएलएस केलं, नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टच्या मानापमानातून. पण पॅनेलवर आजही एसएसएलच लिहितात. स्टेशनचं नाव सीएसटी झालं, मग सीएसएमटी झालं, टॅक्सीवाला अजून व्हीटीच म्हणतो, तसं.)

जुनी ओळ अंगावर आली

आता मघाचा प्रश्न. कायदा बदलला तेव्हा कॉन्फिग फाइल्स कोणी बदलल्या? उत्तर: फारशा कोणीच नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये पूडल नावाचा हल्ला जाहीर झाला, एसएसएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर. मार्च २०१५ मध्ये फ्रीक आला. त्यात हल्लेखोर मधे बसून दोघांनाही ९० च्या दशकातल्या निर्यातीच्या सायफरवर घसरवत होता, कारण ते सायफर अजून चालू होते! अमेरिकन सरकारने बंधनं सैल करून १५ वर्षं होऊन गेली होती, पण एका दाताची किल्ली अजून सर्व्हरच्या खिशात होती.

सगळ्यात बोलका मार्च २०१६ चा ड्राउन. संशोधकांना दिसलं की एचटीटीपीएसच्या १७ टक्के सर्व्हरवर १९९५ ची दुसरी आवृत्ती अजून चालू आहे. पण धोक्यात असलेले सर्व्हर होते ३३ टक्के. जवळजवळ दुप्पट कसे? कारण एकच किल्ली दोन ठिकाणी लावलेली. तुमचं वेब कडेकोट असलं, पण तीच किल्ली मेल सर्व्हरला लावली आहे आणि तिथे जुनी आवृत्ती चालू राहिली आहे, तर त्या मागच्या दाराने वेबचं गुपितही फुटायचं. एकच सर्टिफिकेट वेबला आणि मेललाही, ही तर पॅनेलवर एका क्लिकची सोय. सोय करणाऱ्याचा दोष नव्हता, आणि क्लिक करणाऱ्याचाही नव्हता. दोघांनाही वाटत होतं की डिफॉल्ट आहे, म्हणजे कोणीतरी विचार केला असेल.

विचार केलेलाही होता. फक्त वीस वर्षांपूर्वी, वेगळ्या लोकांसाठी.

काटा फिरला

मग तीन-चार वर्षांत चित्र पालटलं. त्याआधी २०१३ मध्ये स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली आणि उघड्यावर जाणारा मजकूर कोणकोण वाचतं हे सगळ्यांना कळलं. ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने सांगितलं की एचटीटीपीएस असलेल्या साइटला शोधात थोडं झुकतं माप मिळेल. ३ डिसेंबर २०१५ ला लेट्स एन्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुलं झालं: सर्टिफिकेट फुकट, ९० दिवसांचं, आणि देण्याघेण्याचं सगळं काम दोन प्रोग्राम आपापसात करणार. २०१६ मध्ये सीपॅनेलमध्ये ऑटोएसएसएल आलं, आणि प्लेस्कमध्येही लेट्स एन्क्रिप्टची सोय झाली. आता साइट टाकली की पॅनेल आपणहून सर्टिफिकेट आणतं, लावतं, मुदत संपायच्या आत बदलतं. मालकाला पत्ताही नसतो.

परिणाम बघा. २०१५ च्या अखेरीला फायरफॉक्समध्ये उघडणाऱ्या पानांपैकी सुमारे ४० टक्के पानं एचटीटीपीएसवर होती. वर्षाभरात ती निम्म्यावर गेली. आणि जुलै २०१८ मध्ये क्रोमने उरलेल्या सगळ्या साइट्सवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला सुरुवात केली.

वीस वर्षं आपण लोकांना शिकवत होतो: कुलूप बघा, जागरूक राहा, सर्टिफिकेट घ्या. परिषदा झाल्या, लेख आले, फारसा फरक पडला नाही. डिफॉल्ट बदलला आणि ज्याला एसएसएल म्हणजे काय ते माहीत नाही त्या किराणा दुकानदाराची साइटही कुलपात गेली. मला ह्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. बहुतेक लोकांची सुरक्षितता त्यांच्या निवडीवर कधी अवलंबून नव्हतीच, ती त्यांच्या वतीने कोणीतरी आधीच केलेल्या निवडीवर होती.

आणि मामांची लॅब

ह्याच लाटेवर बसून मी त्या रविवारी टीएलएस १.० काढलं होतं. माझं चूक नव्हतं तसं. कार्ड पेमेंटवाल्यांच्या नियमाने जुन्या टीएलएसची मुदत ३० जून २०१८ ला संपली होती. मार्च २०२१ मध्ये १.० आणि १.१ अधिकृतपणे निवृत्त झाले. पण विंडोज ७ सुद्धा तेव्हा मुदतीत होतं, जानेवारी २०२० पर्यंत. मामांनीही काहीच चुकीचं केलं नव्हतं. दोन बरोबर माणसं, आणि मधे स्कूटर.

माझी चूक वेगळी होती. दुसऱ्यांच्या घराचा दरवाजा बदलताना आत कोण राहतं हे मी पाहिलं नाही. आणि ते पाहणं अजिबात अवघड नव्हतं. कोणता पाहुणा कोणती आवृत्ती बोलतोय हे अपाचेच्या लॉगमध्ये एक शब्द वाढवला की लिहून येतं. मेल सर्व्हरच्या लॉगचंही तसंच. पंधरा दिवस नोंद ठेवायची, जुनं बोलणारे मोजायचे, त्यांना फोन करायचे, मग बटण दाबायचं. आणि दाबायचं तर रविवारी रात्री नाही. पुढच्या वेळी मी असंच केलं. नोंदीत निघाले तीन: मामांची लॅब, मित्राच्या दुकानातला बिलिंगचा पीसी, आणि एक जुना स्कॅनर जो स्वतः मेल पाठवायचा. तिघांची सोय झाल्यावर ऑक्टोबरमध्ये टीएलएस १.० गेलं. कोणाचाही फोन आला नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे घड्याळ पुन्हा पळायला लागलंय. सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. ज्याचं पॅनेल आपोआप बदलतं त्याला काही कळणारही नाही. पण तुमच्या-माझ्या ऑफिसात कोपऱ्यात एखादा बॉक्स असतोच, ज्याचं सर्टिफिकेट कोणीतरी वर्षातून एकदा हाताने टाकतं आणि कॅलेंडरवर नोंद ठेवतं. त्या बॉक्सपलीकडे कोण बसलंय, एवढं ह्या आठवड्यात बघून ठेवा.

मामांनी नवीन पीसी घेतला २०१९ च्या दिवाळीत. मीच सेट करून दिला. तरी अजून रविवारी संध्याकाळी फोन झाला, की ठेवायच्या आधी ते न चुकता विचारतात, "आज रात्री काय बदलणार नाहीस ना रे?"